शीत्झूच्या केसांच्या जटा झाल्यात, सांगलीत घरच्या घरी काय करता येईल?

वखारभागकर | १४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेकीला कंपनीनं मे महिन्यात वर्षभरासाठी बंगळूरला पाठवलं आणि तिची बुंदी आमच्याकडं आली. बुंदी म्हणजे शीत्झू जातीची कुत्री. वय ३, वजन साडेपाच किलो, रंग पांढरा, मधूनमधून तपकिरी. आजवर आमच्याकडं कुत्रं म्हणजे दारात पडलेलं, भाकरी टाकली की झालं. ही गादीवर झोपते.

लेकीनं जाताना एक पिशवी दिली. दोन ब्रश, स्टीलचा कंगवा, शाम्पू आणि चार पानी सूचना. सूचना मी नीट वाचल्या नाहीत, हे इथंच कबूल करतो. रोज वरून वरून ब्रश फिरवायचो, दिसायला कशी झकास दिसायची. गेल्या रविवारी पावसात भिजून आली म्हणून आंघोळ घातली. सोमवारी हात फिरवला तर कानामागं, काखेत आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला नुसतं घोंगडं झालेलं. कंगवा लावला की चावायला येते.

शहरात एके ठिकाणी विचारलं, ते म्हणाले गोटाच करावा लागेल. लेक फोनवरून म्हणते केसांना कात्री लावायची नाही. आमची ही म्हणते कापून मोकळे व्हा. मी मधल्या मधे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

हरभटरोडवाला | १४ जुलै, रात्री १०.०५

काका, माझी कटिंग दोन महिन्यांतनं एकदा होते, तीही उधारीवर. कुत्रीचं नशीब काढलंय! बाकी चालू द्या, वाचतोय.

मिरजेची_मीनल | १४ जुलै, रात्री १०.५०

काका, माझ्याकडे ९ वर्षांचा ल्हासा (हीही लांब केसांची जात) आहे, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय. सविस्तर लिहिते.

तुमची चूक एकच झाली, आणि ती प्रत्येकाची होते. गुंता न सोडवता पाणी घातलंत. गाठीतल्या केसाला पाणी लागलं आणि तो तसाच वाळला की गाठ आणखी आवळते. आधी कंगवा, मग पाणी, मग पुन्हा कंगवा. एवढं स्नानगृहाच्या दारावर लिहून चिकटवा.

दुसरं म्हणजे ‘वरून वरून ब्रश’. शीत्झू आणि ल्हासाचे केस घरभर गळत नाहीत म्हणून लोक हौसेनं आणतात. केस सुटतात, पण खाली पडत नाहीत. शेजारच्या लांब केसांत अडकून बसतात आणि त्याचीच गाठ होते. वरचा थर रेशमासारखा, खाली घोंगडं. म्हणून केस थरांत विंचरायचे. डाव्या हाताच्या पंजानं केस वर उचलून धरा, खाली भांगासारखी कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून टोकाकडे ब्रश. मग बोटभर केस खाली सोडा, नवी रेघ, पुन्हा ब्रश. पायापासून सुरू करून पाठीकडे चढत जायचं. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला तरच झालं म्हणायचं. ब्रश खोटं बोलतो, कंगवा बोलत नाही.

पिशवीतला बारीक वाकड्या तारांचा ब्रश (स्लिकर) आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून बघा. तुम्हाला ओरखडा उठला तर तिलाही उठणार. एकाच जागी दाबून दहा वेळा ओढला की कातडी सोलवटते.

आता झालेल्या गाठींचं. कोरड्या गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळा, केस सुटसुटीत होतात. गाठ बोटांनी उभी फाडून तिचे दोन-तीन भाग करा. मग एकेक भाग टोकाकडून सोडवत मुळाकडे यायचं, आणि मुळाशी केस चिमटीत घट्ट धरायचे म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. एका बैठकीत दोन गाठी, जास्त नाही. ती कंटाळायच्या आधी तुम्ही थांबा.

काखेतल्या आणि मांडीतल्या मात्र सोडवत बसू नका. तिथं कातडी कागदासारखी पातळ असते. त्या काढून टाकाव्यात हेच बरं. लेकीला तिथलं दिसणारही नाही.

सातारी_कंदी | १५ जुलै, सकाळी ७.१५

मीनलताईंशी सहमत. फक्त एक भर, कारण माझा हात पोळलाय.

आमच्याकडे पॉमेरेनियन आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या उन्हाळ्यात ‘त्याला गार वाटेल’ म्हणून साताऱ्यातल्या एका ठिकाणी मशीन फिरवून घेतली. पाठीवर पार गुळगुळीत. वर्ष झालं तरी पाठीचे केस धड आले नाहीत, आले ते ठिगळासारखे. नंतर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवलं (खंबाटकी ओलांडून जावं लागतं, पण तपासणी निवांत होते). तिथं कळलं की पॉमसारख्या दाट अस्तर असलेल्या कुत्र्यांना मुळापर्यंत भादरू नये. आतली लोकर थंडीसारखीच उन्हापासूनही राखण करते. आणि कधीकधी केस महिनोन्‌महिने परत येत नाहीत.

शीत्झूची गोष्ट वेगळी, तिचे केस वाढतच राहतात, त्यामुळे आखूड कापलेले चालतात. पण तिलाही गोटा नको. बोटाच्या पेराएवढे ठेवा.

हरभटरोडवाला | १५ जुलै, सकाळी ९.३०

काल रात्री माहिती काढली. शीत्झू या चिनी शब्दाचा अर्थ म्हणे सिंह! काका, तुमच्या गादीवर सिंह झोपतोय आणि तुम्ही त्याला कॉर्नफ्लॉवर लावताय. तळायचाय का?

जतचा_मेंढका | १५ जुलै, दुपारी १.१०

पाव्हणं, आमी मेंढरं राखणारी माणसं. कुत्री आमच्याकडं बी हाईत, पर ती लांडगं हाकलायला. तुमचं वाचून गंमत वाटली म्हणून लिवतोय.

आमच्या जतच्या माडग्याळी मेंढीला लोकर अशी नसतीच. खरी कातरणी दख्खनी मेंढराची, वर्सातनं दोनदा. तवा एक गोष्ट बारक्या पोराला आधी शिकवत्यात. डाव्या हातानं कातडं ताणून धरायचं, आन्‌ कातर कातड्याला आडवी, टेकवून चालवायची. कातडं सैल सोडलं की दोन पात्यांच्या मधी येतंय, आन्‌ मेंढराला जखम झाली की माश्या बसून किडं पडत्यात. पावसाळ्यात तर लगीच.

गाठ हातात धरून वर वढून कापायची न्हाई. वढली की कातडं बी तिच्यासंगं वर येतंय. तुमाला वाटतंय केस कापतोय, आन्‌ कापतंय कातडं.

गुरांचा_डॉक्टर | १५ जुलै, रात्री ८.२०

मेंढकेदादांनी एका परिच्छेदात सांगितलं ते मी दवाखान्यात रोज सांगून थकलो. पावसाळ्यात माझ्याकडे लांब केसांच्या कुत्र्यांच्या ज्या जखमा येतात, त्यातल्या कितीतरी घरच्या कात्रीच्या असतात. काखेत दीड इंच फाटलेलं, टाके घालावे लागतात.

गाठ कापायचीच असेल तर आधी कातडी आणि गाठ यांच्यामध्ये कंगवा सरकवा. कंगवा आत गेला तर त्याच्या वरच्या बाजूनं बोथट टोकाची कात्री चालवा, म्हणजे खाली कातडीला कंगव्याची आड. कंगवा आत जातच नसेल तर कात्री लावूच नका, मशीन वापरा. कुत्र्यांसाठीचं मशीन घ्या, दाढीचा ट्रिमर या केसांत दोन मिनिटांत अडकतो. १० नंबरचं पातं साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं, ते काखेसाठी, पोटाखालच्या भागासाठी आणि गाठीच्या मुळाशी. अंगावर थोडे लांब ठेवायचे तर ४एफ, साधारण साडेनऊ मिलिमीटर. पण ते गाठींतून जाणार नाही, आधी विंचरलेलं अंग हवं. मशीन केसांच्या वाढीच्या दिशेनं फिरवा. पातं तापतं. दर दोन-तीन मिनिटांनी आपल्या मनगटाला लावून बघा.

कापल्यावर खाली कातडी लाल, ओलसर किंवा वास येणारी दिसली तर त्यावर घरगुती काही न लावता दाखवून घ्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात माणसांबरोबर कुत्रीही गच्च्यांवर अडकली होती. दोन-दोन दिवस ओल्या केसांत राहिलेल्या कुत्र्यांच्या कातडीला जटेखाली पू झालेला मी पाहिलाय. वरून बघून काही कळत नव्हतं.

(इथं निदान करत नाही. पण नियम म्हणून सांगतो: शीत्झूनं डोळा मिटून धरला, पाणी गळतंय, पंजानं चोळतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर. या जातीचे डोळे बाहेर असतात, नाकावरचे केस शेवंतीच्या पाकळ्यांसारखे वर वाढून थेट बुबुळाला घासतात. आणि गळ्यात पट्टा घालून ओढू नका, छातीचा पट्टा वापरा.)

वखारभागकर | १६ जुलै, रात्री ९.१५

सर्वांचे मनापासून आभार. आज पहिली बैठक झाली. शिलाई मशीनच्या टेबलावर रबरी पायपुसणं अंथरलं, बुंदीला उभी केली, हिनं धरली, मी विंचरलं. कानामागची डावी गाठ अर्ध्या तासात सुटली. मला इतका आनंद झाला की काय सांगू, नोकरीतल्या प्रमोशनला झाला नव्हता.

काही शंका. नारळाचं तेल लावलं तर गुंता कमी होईल का? शाम्पू संपला तर आपला किंवा शिकेकाई-रिठा चालेल का? आणि नखं फार वाढलीत, काळी आहेत.

मिरजेची_मीनल | १६ जुलै, रात्री १०.३०

वा काका! पण टेबलावर असताना एक हात कायम तिच्या अंगावर. फोन वाजला तरी. उडी मारली की पाय मोडतो.

तेल नको. ती चाटणार, त्यावर धूळ बसणार आणि परवा दुप्पट गाठी. आपला शाम्पू नको, आपली कातडी किंचित आम्ल आणि त्यांची जवळजवळ उदासीन, त्यामुळे कोंडा धरतो आणि खाज सुटते. रिठ्यानं तर डोळे असे चुरचुरतात की पुढच्या आंघोळीला ती पलंगाखालून निघणार नाही. (माझ्या सासूबाईंचा प्रयोग. अजून ल्हासा त्यांना टरकून असतो.)

कुत्र्यांचा शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून घाला. डोक्यावर ओतू नका, तोंड ओल्या फडक्यानं पुसा, कानात कापसाचा बोळा ठेवा आणि नंतर आठवणीनं काढा. केस गोल चोळायचे नाहीत, वरून खाली दाबत न्यायचे. पंच्यानं पुसतानाही तसंच, घासलं की गुंता आलाच. मग ड्रायर गार किंवा कोमट हवेवर आणि सोबत ब्रश. या दिवसांत ‘पंख्याखाली वाळेल’ वर विश्वास ठेवू नका. तीन आठवड्यांतून एक आंघोळ पुरते.

डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण काढायला आपली उवांची फणी घ्या, बारीक दातांची. आधी कोमट पाण्याच्या कापसानं भिजवायचं, मग अलगद फणी. टोक डोळ्याकडे कधीच नाही.

नखांचं डॉक्टर सांगतील.

गुरांचा_डॉक्टर | १७ जुलै, सकाळी ७.५०

काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही म्हणून एकदम कापू नका, तांदळाच्या कणीएवढं टोक कापत जा. कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी काळा ओलसर ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून दोन-तीन मिनिटं धरा. पंजाच्या गाद्यांमधले केसही कापा, नाहीतर फरशीवर घसरते आणि चिखल तिथंच साठतो.

सातारी_कंदी | १७ जुलै, सकाळी ८.४०

पाऊस सरल्यावरची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. आम्ही अजिंक्यताऱ्यावर आणि चार भिंतीकडे फिरायला नेतो. ऑक्टोबरनंतर गवत वाळलं की कुसळं. आघाड्याचं बी नुसतं चिकटतं, ते कंगव्यानं निघतं. कुसळ बाणासारखं असतं. केसांत शिरलं की प्रत्येक हालचालीबरोबर पुढेच सरकतं, मागे येत नाही. आमच्या पॉमच्या बोटांच्या बेचक्यातून आत गेलं, गळू झालं, चिरून काढावं लागलं. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, काखा आणि कानाची पाळी उलटून बघायची सवय लावा. गोचीडही तिथंच सापडतो.

वखारभागकर | १८ जुलै, दुपारी ३.२०

मी सौ. वखारभागकर, ह्यांच्या खात्यावरून लिहिते. हे झोपलेत.

ह्यांनी लिहिलंय ‘हिनं धरली, मी विंचरलं’. खरं म्हणजे ह्यांनी दोन मिनिटं विंचरलं, मग कंबर धरली. उरलेलं मी केलं. मुलीला आठवीपर्यंत दोन वेण्या घातल्यात, मला गुंत्याचं नवं नाही.

कात्री माझी शिवणाची होती, ती मी देणार नाही असं आधीच सांगितलं. काल नखाला थोडं रक्त आलं तर ह्यांनी मुठीनं हळद दाबली. सांगलीची हळद! पांढरी कुत्री पिवळी झाली, धुऊन जात नाही. आता पुढच्या आंघोळीला बघू.

माझी युक्ती सांगते. एकदा कंगवा फिरवला की एक बेदाणा द्यायचा. तासगावच्या भावानं दोन किलो पाठवलेत. बुंदी आता कंगवा बघितला की शेपूट हलवते.

मिरजेची_मीनल | १८ जुलै, दुपारी ३.४५

काकू, बेदाणे बंद करा! आत्ताच्या आत्ता!! डॉक्टर, बघताय का?

गुरांचा_डॉक्टर | १८ जुलै, दुपारी ४.०५

वहिनी, घाबरू नका, पण बेदाणे ताबडतोब थांबवा. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातो. प्रत्येक कुत्र्याला होत नाही, पण कुणाला कितीत होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सुरक्षित असं प्रमाण नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच चिंचेत असतं, त्यामुळे चिंचही नको.

किती दिवस आणि साधारण किती दिलेत? शेवटचे कधी? उलटी, सुस्ती, जेवण टाकणं, लघवी खूप होणं किंवा अजिबात न होणं, यातलं काही? काहीही नसलं तरी आजच जवळच्या दवाखान्यात न्या. उलटी करवायची की सलाईन लावायचं ते तिथं ठरेल. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासायला सांगा, आणि दोन दिवसांनी पुन्हा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका.

वखारभागकर | १८ जुलै, दुपारी ४.१८

मी उठलोय. दोन दिवसांत मिळून पंधरा-वीस झाले असतील, शेवटचे आज सकाळी. रिक्षा बोलावली. निघतोय.

जतचा_मेंढका | १८ जुलै, संध्याकाळी ६.३०

पाव्हणं काय झालं ते कळवा. आमच्या हिकडं बेदाण्याच्या शेडभोवती कुत्री फिरत्यात, कुणी ध्यान देत न्हाई. आज नवीन कळलं.

वखारभागकर | १८ जुलै, रात्री ११.१०

सलाईन लावलं, रक्त घेतलं, रिपोर्ट ठीक आहे. परवा पुन्हा बोलावलंय. ही जेवली नाही. बुंदी जेवली.

हरभटरोडवाला | १९ जुलै, सकाळी ८.००

काकू, मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरात तर कुत्र्याला काय द्यायचं हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काल घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

वखारभागकर | २० जुलै, रात्री ८.३०

दुसरा रिपोर्टही चांगला आला. डॉक्टर, मीनलताई, तुम्ही त्या दिवशी धाग्यावर होतात म्हणून. आणखी काय लिहू.

बक्षिसाला आता गाजराचे तुकडे. पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, आज खातेय.

दवाखान्यात गोचिडाचाही विषय निघाला. आमचे एक नातेवाईक म्हशीच्या गोठ्यातलं गोचिडाचं औषध बाटलीत देऊन गेले होते, ‘पाण्यात थोडं टाकून पुसा’ म्हणून. ती बाटली डॉक्टरांना दाखवली तर त्यांनी कपाळाला हात लावला. गुरांच्या हिशेबाचं औषध साडेपाच किलोच्या जिवाला अंदाजानं लावायचं नाही, आणि ती अंग चाटते हे विसरायचं नाही. वजन बघून खायची गोळी दिली. सापडलेला एक गोचीड चिमट्यानं तोंडाजवळ धरून सरळ ओढून काढला. रॉकेल नाही, काडी नाही.

आता केसांचं. लेकीला सगळं सांगितलं, बेदाण्यांसकट. थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, बाबा, कापा. बोटाच्या पेराएवढे.

मिरजेची_मीनल | २० जुलै, रात्री ९.००

काका, तिला माहीत असणार. लांब केस ठेवायचे तर रोजचा अर्धा तास लागतो. डोक्यावरची शेंडी आणि शेपटी लांब ठेवा, बाकी आखूड. फोटोत शीत्झूच दिसेल. शेंडीला आपला साधा रबर नको, केस तुटतात, आणि रात्री सोडून ठेवायची.

वखारभागकर | २४ जुलै, रात्री ९.४५

मशीन भाचा घेऊन आला. तीन दिवस थोडं थोडं केलं. पहिल्या दिवशी नुसतं मशीन चालू करून शेजारी ठेवलं आणि गाजर दिलं. दुसऱ्या दिवशी पाठ. आज पोट आणि पाय. मेंढकेदादा, कातडं ताणून धरायचं तुमचं वाक्य मी मोठ्यानं म्हणत होतो, ही हसत होती. एकही ओरखडा नाही. डाव्या बाजूला पायऱ्या पायऱ्या दिसतात, पण त्या बाजूनं फोटो काढत नाही.

केस गेल्यावर कळलं, कुत्री केवढीशी आहे. हळदीचा पिवळा डाग कातडीवर अजून आहे.

जतचा_मेंढका | २४ जुलै, रात्री १०.१०

पायऱ्या पडत्यातच पैल्यांदा. आमच्या पोरानं कातरलेलं पैलं मेंढरू बगून त्याची आई बी वळखली नसती.

वखारभागकर | २५ जुलै, सकाळी ७.०५

फक्त एक गाठ राहिलीय, शेपटीच्या मुळाशी. तिथं हात लावू देत नाही, गाजरालाही बधत नाही. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी चढतंय म्हणतात, तरी अजून इशाऱ्याच्या ४० फुटांच्या बरंच खाली आहे, त्यामुळे रस्ता चालू आहे. मीनलताई, तुम्ही रविवारी येते म्हणालात ते नक्की ना? येताना बोथट टोकाची छोटी कात्री घेऊन या. आमची ही शिवणाची अजूनही देत नाही.